मूक वीरनायिका : चित्रकथेतील कल्पना आणि चाँदबीबीचा इतिहास

प्रस्तावना

विज्ञान-कल्पनारम्य चित्रकथांमध्ये शब्दांवाचून लढणारा योद्धा ही एक लक्षणीय प्रतिमा आहे. फ्रान्समध्ये १९७५ मध्ये ज्याँ जिरो यांनी 'मोबियस' या टोपणनावाने 'मेताल युर्लां' या मासिकात 'आर्झाक' ही शब्दविरहित चित्रकथा सादर केली. तिच्या प्रेरणेतून १९८१ च्या 'हेवी मेटल' या सचेतपटात तार्ना ही वीरनायिका साकारली आणि पुढे ती चित्रकथांमध्येही अवतरली. पक्ष्यासारख्या वाहनावरून संचार करणारी, हाती तलवार घेतलेली तार्ना संपूर्ण चित्रपटात एकही शब्द बोलत नाही. तिचे मौन हे तिच्या सामर्थ्याचे चिन्ह मानले जाते. इतिहासातील वीरस्त्रीचे मौन मात्र वेगळ्या कारणांनी घडते. २०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामांतर झालेल्या अहमदनगरच्या चाँदबीबीच्या संदर्भात या मौनाचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

चाँदबीबी ही हुसेन निजामशहा आणि खुंजा हुमायूँ यांची कन्या होय. विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाशी तिचा विवाह झाला. १५८० मध्ये अलीचा खून झाल्यावर अल्पवयीन इब्राहिम आदिलशहाची पालक म्हणून तिने राज्यकारभारात भाग घेतला. दरबारी गटबाजीत तिला सातारच्या किल्ल्यात कैदही भोगावी लागली. कालांतराने ती माहेरी अहमदनगरला परतली. १५९५ मध्ये निजामशाहीत वारसाहक्काचा कलह उद्भवला. त्यातील एका गटाचा प्रमुख मियाँ मंजू याने मोगलांची मदत मागितली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शहजादा मुराद व अब्दुर्रहीम खानखानान यांच्या फौजांनी अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला.

हे युद्ध तत्कालीन तंत्रविद्येचेही युद्ध होते. विजापूर येथील प्रसिद्ध 'मलिक-ए-मैदान' ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथेच ओतली गेली होती, यावरून येथील तोफा ओतण्याच्या कौशल्याची कल्पना येते. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. त्यांपैकी काही किल्ल्यातील लोकांनी शोधून निकामी केले. परंतु एक सुरुंग उडून तटाला मोठे खिंडार पडले. त्या प्रसंगी बुरखा घेतलेली चाँदबीबी तलवार हाती घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तटाची डागडुजी करण्यात आली, असे फरिश्त्याने वर्णिले आहे. १५९६ मध्ये तह झाला. वऱ्हाड मोगलांना देण्यात आले आणि त्याच्या बदल्यात बालवयाच्या बहादूरची गादी मान्य करून घेण्यात आली.

साधनांमधील मौन

या घटनांची प्रमुख साधने फार्सी आहेत. सय्यद अली तबातबा हा निजामशाहीच्या आश्रयाने लिहीत होता. फरिश्ता १५८९ पासून विजापूरच्या आश्रयाला होता. तर अबुल फजल हा अकबराचा इतिहासकार होता. हे तिघेही दरबारी पुरुष होते आणि प्रत्येकाची निष्ठा वेगळ्या सत्तेशी बांधलेली होती. चाँदबीबीची भूमिका आपल्यापर्यंत पोहोचते ती त्यांच्या लेखणीतून.

जेथे साधने थांबतात तेथे आख्यायिका सुरू होते. दारूगोळा संपल्यावर तिने सोन्यारूप्याची नाणी तोफांत भरून डागली, अशी कथा सांगितली जाते. शहरापासून काही अंतरावर शाह डोंगरावर असलेली अष्टकोनी वास्तू 'चाँदबीबीचा महाल' म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात ती निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची कबर आहे. दुसऱ्याच्या कबरीला लोकांनी तिचे नाव दिले, यातून तिच्या स्मृतीविषयीची आत्मीयता दिसून येते. त्याचबरोबर ती स्मृती किती निराधार उरली, हेही लक्षात येते.

चित्रकथा आणि वीरप्रतिमा

अनंत पै यांच्या संपादकत्वाखाली १९६७ मध्ये सुरू झालेल्या 'अमर चित्र कथा' मालिकेत चाँदबीबीवर स्वतंत्र अंक प्रसिद्ध झाला. अशा मालिकांनी अनेक पिढ्यांतील मुलांना इतिहासाची पहिली ओळख करून दिली, हे त्यांचे योगदान नाकारता येत नाही. तथापि चित्रकथेच्या माध्यमाची एक अपरिहार्यता आहे. पात्राच्या तोंडापुढील संवादाचा फुगा लेखकाला भरावाच लागतो. तार्नेच्या निर्मात्यांनी तो हेतुतः रिकामा ठेवला. ऐतिहासिक चित्रकथेत तो कल्पित संवादाने भरला जातो. त्यामुळे साधनांतील मौन बालवाचकाला जाणवत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की तिच्या कोणत्या कृतीचे चित्र स्मरणात राहिले? खिंडारातील तलवारधारी स्त्री सर्वांना ठाऊक आहे. वऱ्हाड देऊन राज्य वाचविणारी मुत्सद्दी स्त्री मात्र विस्मृतीत गेली. १६०० मध्ये शहजादा दानियालच्या फौजांनी पुन्हा वेढा घातला, तेव्हा शाही सैन्यापुढे टिकाव लागणे कठीण आहे हे ओळखून तिने वाटाघाटींचा मार्ग सुचविला. हा फितुरीचा पुरावा आहे, असे सांगून विरोधकांनी सैनिकांना चिथावले आणि तिच्याच लोकांनी तिची हत्या केली. त्यानंतर ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला पडला व बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. याच किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात स्थानबद्ध असलेल्या पंडित नेहरूंनी आपल्या ग्रंथात तिचे स्मरण केले, तेही मुख्यतः तलवार घेऊन लढलेली स्त्री म्हणूनच.

निष्कर्ष

तार्नेचे मौन ही कलावंताची निवड आहे. चाँदबीबीचे मौन हा इतिहासलेखनाचा परिणाम आहे. तिने तलवार उचलली तेव्हा इतिहासकारांनी तिचा गौरव केला. तिने सल्ला दिला तेव्हा तिला प्राण गमवावे लागले. म्हणून तिला केवळ वीरांगना म्हणून गौरविणे म्हणजे तिच्या मुत्सद्देगिरीकडे पुन्हा एकदा दुर्लक्ष करणे होय. अध्यापनात चित्रकथेचा उपयोग अवश्य करावा. मात्र त्यातील कोणता प्रसंग साधनांत आहे आणि कोणता संवाद कल्पित आहे, हे विद्यार्थ्यांना शोधावयास लावणे आवश्यक आहे. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाचा आरंभ त्या रिकाम्या फुग्यापासूनही होऊ शकतो.