ट्रॅक्टर चालू, पण ट्रॉलीचे दिवे बंद? सात पिनांच्या सॉकेटवर पॉवर का येत नाही, हे असं शोधा

गाळप हंगाम सुरू झाला की इन्स्टाग्रामवर उसाच्या ट्रॅक्टरच्या रील्सही सुरू होतात. दोन ट्रॉल्या, उंचच उंच रचलेला ऊस, पुढे चार-चार एलईडी बार आणि मडगार्डवर दणदणीत साऊंड. पण याच ट्रॅक्टरच्या मागे रात्री दुचाकीवर असाल तर दिसणारं चित्र वेगळं असतं. म्हणजे खरं तर काहीच दिसत नाही. मागची ट्रॉली काळोखात असते आणि ती पुढे आहे हे कळेपर्यंत ब्रेक मारायला अंतर उरलेलं नसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर भागात ट्रॉलीला मागून धडकून झालेल्या अपघातांच्या बातम्या दर हंगामात वाचायला मिळतात.

वाहनाच्या मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर असणं केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार बंधनकारक आहे. रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा कारखाने आणि आरटीओ घेतातही. दिव्यांबद्दल ड्रायव्हरला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "सॉकेटला पॉवरच येत नाही." मग कुणीतरी बॅटरीवरून थेट नवी वायर ओढून देतं. चार खेपा होतात आणि पुन्हा अंधार.

गंमत अशी आहे की 'पॉवर येत नाही' या एका वाक्यात तीन वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. एक, वीज सॉकेटपर्यंत पोहोचतच नाही. दोन, पोहोचते, पण परत जायला वाट नाही, म्हणजे अर्थिंग गेलेलं आहे. तीन, पोहोचते, पण इतक्या कमजोर जोडातून की बल्ब लावला की संपते. यातला नेमका कोणता बिघाड आहे हे ठरवायला एक बल्ब आणि दोन वायरी पुरतात.

सॉकेटच्या आत काय असतं?

ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला, स्प्रिंगच्या झाकणाचं जे गोल सॉकेट असतं त्यात सात पिना असतात. ट्रॉलीचा प्लग त्यात बसतो. सॉकेट खोलून मागून पाहिलं तर प्रत्येक स्क्रूजवळ बारीक आकडे दिसतात. या प्रकारच्या सॉकेटची प्रचलित मांडणी अशी: 1 डावा इंडिकेटर, 4 उजवा इंडिकेटर, 5 उजवा टेल लॅम्प, 7 डावा टेल लॅम्प, 6 ब्रेक लाइट, 3 अर्थिंग. 2 नंबरची पिन जादा कामासाठी असते आणि आपल्याकडे ती बऱ्याचदा रिकामीच असते.

यात दोन गोष्टींमुळे घोळ होतो. प्लग आणि सॉकेट समोरून पाहिलं की एकमेकांची आरशातली प्रतिमा दिसतात, त्यामुळे डावं-उजवं उलट वाटतं. म्हणून जागेवर जाऊ नका, आकड्यावर जा. आणि सॉकेट नंतर गॅरेजमध्ये बसवलेलं असेल तर वायरी याच क्रमाने असतील याची खात्री नाही. वायरीच्या रंगावर तर अजिबात विश्वास नको, हाताशी होती ती वायर लावलेली असू शकते.

यूट्यूबवर हा विषय शोधला की बहुतेक व्हिडिओ अमेरिकन पिकअप ट्रकचे येतात. तिथे चपट्या पात्यांचं सात पिनांचं सॉकेट असतं आणि त्यातली एक पिन ट्रेलरची बॅटरी चार्ज करायला 12 व्होल्ट देते. काही पिकअपमध्ये तीसुद्धा किल्ली फिरवल्यावरच चालू होते. आपल्या ट्रॉलीला बॅटरी नसते आणि सॉकेटला सहसा अशी पिनही नसते. त्यामुळे तो व्हिडिओ पाहून, दिव्यांचं बटण बंद ठेवून सॉकेटवर पॉवर शोधू नका. टेल लॅम्प तपासायचा तर दिवे चालू हवेत, ब्रेकची पिन तपासायची तर कुणीतरी ब्रेक दाबून धरायला हवा.

मल्टीमीटर 12 व्होल्ट दाखवतो, तरी बल्ब का लागत नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त छळतो. मल्टीमीटर व्होल्टेज मोजताना जवळजवळ करंट घेतच नाही. दहा तारांपैकी नऊ तुटल्या आणि एकच शिल्लक राहिली तरी मीटर आरामात 12 व्होल्ट दाखवेल. ब्रेक लाइटचा 21 वॅटचा एक बल्ब मात्र पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट मागतो. तो त्या एका तारेतून किंवा गंजलेल्या स्क्रूमधून धड जात नाही. व्होल्टेज वाटेतच पडतं आणि बल्ब मिणमिणतो किंवा लागतच नाही.

म्हणून गॅरेजमधला अनुभवी वायरमन मीटरआधी टेस्ट लॅम्प काढतो. तुम्हालाही तो करता येईल: 21 वॅटचा 12 व्होल्टचा बल्ब, होल्डर, दोन लांब वायरी आणि एका टोकाला चिमटा. चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि दुसरं टोक सॉकेटच्या पिनेला टेकवा. बल्ब लख्ख लागला तर त्या पिनेवर खरी पॉवर आहे. मंद लागला तर वाटेत कुठेतरी जोड कमजोर आहे. नाहीच लागला तर वीज तिथवर येत नाही.

आता चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि 3 नंबरच्या पिनेला टोक टेकवा. बल्ब तितकाच लख्ख लागायला हवा. लागला नाही तर तुमची पॉवर व्यवस्थित आहे, अर्थिंग गेलंय. हे करताना पॉझिटिव्हची उघडी वायर ट्रॅक्टरच्या बॉडीला लागू देऊ नका, ठिणगी उडेल.

अर्थिंगचा त्रास ओळखायचा कसा?

टेस्ट लॅम्प नसला तरी ट्रॉली स्वतःच सांगते. डावा इंडिकेटर दिला की टेल लॅम्पही लुकलुकतात. ब्रेक दाबला की दिवे उजळायच्या ऐवजी मंद होतात. खड्ड्यात चाक गेलं की सगळे दिवे क्षणभर लागतात आणि पुन्हा जातात. करंटला परतीची सरळ वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून मागे जायचा प्रयत्न करतो, त्यातून हे विचित्र खेळ होतात.

अनेक ट्रॉल्यांना अर्थिंगची स्वतंत्र वायरच नसते. हूक आणि टो-पिन लोखंडी आहेत, त्यातूनच अर्थिंग मिळतं असं मानून काम भागवलेलं असतं. पण हूकवर ग्रीस, माती, गंज आणि चालताना सतत हलणारा सांधा. उभ्या ट्रॉलीचे दिवे लागतात आणि रस्त्यावर गेलं की जातात, त्याचं कारण बऱ्याचदा हेच. 3 नंबरच्या पिनेपासून ट्रॉलीच्या प्रत्येक दिव्यापर्यंत अर्थिंगची चांगली जाड वायर टाकणं हा यावरचा साधा उपाय आहे. ट्रॅक्टरच्या बाजूला ही वायर ज्या बोल्टला आवळलेली असते तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड चमकवा. रंगावर आवळलेला बोल्ट अर्थिंग देत नाही.

वीज पोहोचतच नसेल तर

आधी ट्रॅक्टरचे स्वतःचे मागचे दिवे बघा. तेही बंद असतील तर सॉकेट खोलायची गरज नाही, बिघाड फ्यूज किंवा स्विचकडे आहे. ते चालू आणि फक्त सॉकेट मेलेलं असेल तर तिथून सॉकेटपर्यंतची वायर किंवा सॉकेटचा वेगळा फ्यूज बघायचा.

फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका, त्याच्या दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावून बघा. एका टोकाला पॉवर आहे आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे उडालाय. नवा टाकला आणि तोही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. अशा वेळी ट्रॉलीचा प्लग काढून पुन्हा एक फ्यूज टाका. टिकला तर दोष ट्रॉलीत, उडाला तर ट्रॅक्टरमध्ये. फ्यूज वाया घालवायचे नसतील तर फ्यूजच्या जागी तोच टेस्ट लॅम्प जोडा. शॉर्ट असेल तोवर तो लख्ख पेटतो. एकेक वायर हलवत जा, ज्या वायरीला हात लावल्यावर तो विझतो किंवा मंदावतो, तिथे तुमचा शॉर्ट.

फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा खिळा घालणारे लोक आहेत. हे अजिबात करू नका. फ्यूज वाचतो आणि वायरिंग जळतं, आणि मागे उसाचं पाचट असतं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या अँपिअरचाच फ्यूज टाका.

फ्यूज वारंवार उडण्यामागे रील्समधल्या त्या सजावटीचाही हात असतो. एलईडी बार आणि साऊंड टेल लॅम्पच्याच वायरीला टोचून जोडलेले असतात. ती वायर काही वॅटच्या बल्बांसाठी होती. साऊंड लावायचाच असेल तर त्याला वेगळी लाइन, वेगळा फ्यूज आणि रिले द्या.

फ्यूज ठीक, स्विच ठीक आणि तरी सॉकेट कोरडंच असेल तर वायर मधोमध कुठेतरी तुटली आहे. सुरुवातीपासून सोलत बसू नका. सीटखाली किंवा मडगार्डमागे जो कनेक्टर असतो तिथे टेस्ट लॅम्प लावा. पॉवर असेल तर बिघाड त्याच्या मागे, नसेल तर पुढे. वायर जिथे पत्र्याला घासते आणि हंगाम नसताना उंदरांनी जिथे घर केलेलं असतं, त्या जागा आधी बघा.

सॉकेटच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून पिना बारीक ब्रशने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. प्लगच्या पितळी पिनांना मधे चीर असेल तर चाकूच्या टोकाने ती किंचित फाकवा, म्हणजे पिन घट्ट बसेल. हा एक मिनिटाचा उपाय नव्या प्लगचे पैसे वाचवतो.

सॉकेट चांगलं, तरी मागे अंधार

सातही पिना चोख असतील तर ट्रॅक्टर निर्दोष आहे, आता ट्रॉलीकडे वळा. बल्ब, होल्डर, आणि वळताना ताणली जाणारी किंवा चाकाला लागणारी वायर. ट्रॉली सोडताना प्लग काढायचा विसरला की वायर ओढली जाऊन आतल्या आत तुटते, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं.

दुसऱ्या ट्रॉलीची गोष्ट वेगळी. तिला पॉवर हवी तर पहिल्या ट्रॉलीच्या मागेही तसंच सात पिनांचं सॉकेट हवं, आणि ते अनेकदा नसतंच. रस्त्यावरून मागून येणाऱ्याला दिसते ती हीच ट्रॉली. पहिलीचे दिवे लागतात म्हणून काम झालं असं समजलं तर ते दिवे दुसऱ्या ट्रॉलीच्या उसाआड जातात. बाहेर लोंबणारं वाढंसुद्धा दिवा आणि रिफ्लेक्टर दोन्ही झाकतं, तेव्हा भरल्यानंतर तेवढं कापून टाका.

ही सगळी तपासणी दिवसा, सपाट जागी, इंजिन बंद आणि हँडब्रेक ओढून करायची. रात्री रस्त्यातच दिवे गेले तर ट्रॉलीमागे मोबाईलचा टॉर्च धरून कुणालाही उभं करू नका. ट्रॅक्टर रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, रिफ्लेक्टरचा त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवा, आणि आधी फ्यूज, मग प्लगच्या पिना एवढंच बघा. तेवढ्याने दिवे आले नाहीत तर उजाडेपर्यंत ट्रॉली तिथेच राहू द्या.