मोहाची भट्टी आणि अबकारी : नाशिकच्या डांगांतील एक प्रकरण

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्याशीं लागून पेठ व सुरगाणें या बाजूचा जो डोंगराळ मुलूख आहे, त्यास डांग असें म्हणतात. कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल व काथोडी यांची ही वस्ती. येथील दारूविषयीं जें कांहीं लिहिलें जातें तें बहुधा अबकारी खात्याच्या कागदांवरून. आणि त्या कागदांत डोंगरांतील माणूस भेटतो तो गुन्हेगार म्हणूनच. हा शब्द इतिहासलेखकानें जसाचा तसा उचलावा कीं काय, एवढाच प्रश्न येथें आम्हांस पाहावयाचा आहे.

फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं फुलें पहांटे आपोआप गळतात. बायकामुलें तीं ऊन चढण्यापूर्वीं वेंचतात व मग वाळत घालतात. वाळलेल्या फुलांत निम्मा किंवा त्याहूनही अधिक भाग साखरेचा असतो. म्हणून तें उकडून खाल्लें तर अन्न, गुरांस घातलें तर खुराक, आणि पाण्यांत कांहीं दिवस भिजत टाकलें तर आंबून दारूजोगें होतें. भट्टीस लागतें तें थोडकेंच : चुलीवर एक मडकें, त्यावर पालथें दुसरें, सांधे मातीनें लिंपलेले, बाजूस बांबूची नळी आणि तिच्या टोंकाशीं गार पाण्यांत ठेवलेलें भांडें. मद्याची वाफ पाण्याआधीं उठते, नळींत थंडावते व थेंब थेंब भांड्यांत उतरते. अमेरिकेंतील केंटकी प्रांतांत बर्बन नांवाची जी व्हिस्की होते तीही मुळांत याच तत्त्वावर. तेथें मुख्य धान्य मका, आणि उतरलेलें मद्य आंतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपांत मुरत ठेवतात. मोहाची दारू मुरवीत नाहींत. लग्नास, देवास किंवा मृताच्या दिवसास लागेल तेव्हां काढावी अशी रीत.

१८७८ सालीं दोन गोष्टी घडल्या. पेठची बेगम निवर्तली व तें संस्थान नाशिक जिल्ह्यांत सामील झालें. (सुरगाणें मात्र १९४८ पर्यंत संस्थानच राहिलें). त्याच सालीं मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. परवान्यावांचून दारू काढणें त्यानें बंद केलें. लहान भट्ट्या मोडून दारू देखरेखीखालच्या मोठ्या भट्टींत काढावयाची, गॅलनमागें कर घ्यावयाचा, आणि विक्री मक्तेदाराच्या हातीं द्यावयाची, असें हें धोरण. लोकांनीं कमी प्यावें हा हेतु सांगण्यांत येई खरा. पण मक्त्याची रक्कम वाढावी ही इच्छाही त्याच खात्याची, आणि दोहोंचा मेळ कसा बसतो तें वाचकांनींच पाहावें. परवान्यावांचूनची भट्टी हा गुन्हा अशा रीतीनें वसुलाच्या सोयीसाठीं जन्मास आलेला आहे.

घाटाखालीं सरकार याहून पुढें गेलें. १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें बाळगण्यावरच निर्बंध आला. आमच्या मतें हा कायदा सर्वांत बोलका. भट्टी सांपडत नाहीं म्हणून फूल धरावयाचें. मग तें भट्टीसाठीं वेंचलें कीं पोटासाठीं, हें विचारण्याचें कारण उरत नाहीं. पावसाळ्याच्या तोंडीं ज्याची कणगी रिकामी होते त्या घरास याचा अर्थ काय झाला असेल, तें सांगावयास नको.

अमेरिकेंतही कराचें भांडण झालें. १७९१ सालीं संघसरकारनें दारू गाळण्यावर कर बसविला, तेव्हां पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेकडील शेतकरी खवळले. त्यांस धान्य डोंगरापलीकडे वाहून नेणें परवडेना, त्याची दारू केली तरच खेप निघे. १७९४ सालीं अध्यक्ष वॉशिंग्टननें फौज पाठवून तें बंड मोडलें. १९२० पासून १९३३ पर्यंत तर तेथें दारूबंदीच होती. तरीही १९६४ सालीं तेथील काँग्रेसनें बर्बन हें देशाचें खास उत्पादन म्हणून मान्य केलें.

मोहास ती वाट मिळाली नाहीं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें मोहाफुलें आपल्या कलमांत घेतलीं. पुढें दारूबंदी सैल झाली, साखर कारखान्यांच्या मळीची देशी दारू परवान्यानें मिळूं लागली. पाड्यावरची भट्टी होती तेथेंच राहिली. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें फुलें गोळा करणें व साठविणें यांवरील निर्बंध सैल केले. २०२२ सालीं मोहाफुलांच्या व काजूबोंडांच्या मद्यास देशी दारूच्या सदरांतून काढून विदेशी मद्याच्या सदरांत घालण्याचा निर्णय झाला. सह्याद्रीच्या झाडाचें फूल कागदोपत्रीं विदेशी ठरलें. हातभट्टी मात्र अजून गुन्ह्यांतच मोडते.