गच्चीवरच्या तबकड्या
* या तबकड्या म्हणजे अंघोळीचे पाणी तापवणारे साधे सोलर बंब नव्हेत. शिर्डीच्या साई प्रसादालयाच्या गच्चीवर २००९ साली अशा ७३ शेफलर तबकड्या बसल्या. प्रत्येक तबकडी १६ चौरस मीटरची. सूर्याच्या कलाने फिरत ती सगळे ऊन एका ठिकाणी एकवटते, तिथल्या पाण्याची वाफ होते आणि तिच्यावर डाळ-भात शिजतो. अशाच वाफेवर टर्बाइन फिरवून वीजही काढता येते. शिर्डीची यंत्रणा मात्र स्वयंपाकापुरती. तबकडीला थेट ऊनच लागते, ढगाआडचा उजेड चालत नाही. म्हणजे कोकणातल्या राजापूरसारख्या गावात पावसाळाभर ती जवळजवळ शोभेचीच. शिर्डीतही म्हणूनच जोडीला गॅसवरचा बॉयलर आहे. —संपा.