दारावरचे नाव

दिवाळीत आपण उंबऱ्याशी पणती लावतो, ती उंबरा असतो म्हणून. ज्यांना उंबराच नव्हता अशा काही दारुड्यांची ही हकीगत आहे. ती घडली दूर उत्तरेला, फिनलंड देशात. तिथल्या हिवाळ्यात उघड्यावर निजलेला माणूस सकाळी उठेलच, याचा भरवसा नसतो.

फिनलंडने १९१९ साली दारूबंदी केली. समुद्रमार्गे चोरटी दारू इतकी आली की १९३२ साली बंदी उठवावी लागली आणि विक्री सरकारने स्वतःच्याच हाती घेतली. दारू आली तसे दारुडेही राहिले. १९३६ साली भटक्यांविरुद्ध कायदा झाला. बेघर, निरुद्योगी माणसावर पोलिसांची नजर, आणि तेवढ्याने भागले नाही तर त्याची रवानगी श्रमगृहात. हा कायदा रद्द व्हायला १९८७ साल उजाडले! त्याच १९३६ साली साल्व्हेशन आर्मीने, म्हणजे आपल्याकडच्या मुक्तिफौजेने, हेलसिंकीच्या आल्पीकातू रस्त्यावर मोठे आश्रयगृह उघडले. महायुद्धानंतर घरे अपुरी पडली, तेव्हा बॉम्बपासून बचावासाठी बांधलेल्या तळघरांतूनही माणसे राहिली. १९७० च्या सुमारास एकट्या हेलसिंकीत आश्रयगृहांतल्या खाटा २००० वर होत्या.

खाट मिळे, घर मात्र मिळत नसे. आधी दारू सोड, उपचार घे, नीट वागून दाखव, मग घराचे पाहू, असा तो जिना होता. पाय घसरला की पुन्हा तळाची पायरी. आता, रात्री कुठे निजायचे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने बाटली कोणत्या बळावर सोडायची? वास्तविक साधाच प्रश्न. पण तो सरकारदरबारी पोचायला कित्येक दशके गेली.

२००७ साली चार जाणत्यांच्या मंडळाने अहवाल दिला. त्याचे नावच मोठे बोलके होते : ‘नाव दारावर’. पुढल्याच वर्षी सरकारने दहा शहरांशी करार केले. प्रथम किल्ली, स्वतःच्या नावाचा भाडेकरार. उपचार हाताशी, पण घरासाठी त्यांची अट नाही. इमारतींच्या खर्चाला सरकारी अनुदान, आणि मदतनीसांच्या पगाराचा भार सरकार व नगरपालिका यांच्यात निम्मानिम्मा. शिवाय पैसा आला तो जुगाराच्या यंत्रांतून! त्या देशात अशा यंत्रांचे उत्पन्न लोकसेवेला देण्याची रीत १९३० च्या दशकापासूनची होती. आपल्या धर्मराजाने द्यूतात राज्य घालवले. इथे द्यूताच्या नाण्यांतून दारुड्याचे घर उभे राहिले. एका व्यसनाने दुसऱ्याचे भाडे भरावे, हे पचायला जरा जडच जाते, हे मी कबूल करतो.

आल्पीकातूच्या त्या जुन्या आश्रयगृहाची आता ८१ छोटी घरे झाली. प्रत्येकाला दार, दाराला कुलूप. सगळ्यांनी दारू सोडली असे नव्हे. काहींनी सोडली, काहींनी कमी केली, काही पीतच राहिले. पण पिऊन घरी आले. हेलसिंकीत २०१६ साली आश्रयगृहांतल्या खाटा अवघ्या ५२ उरल्या होत्या.

१९८७ साली साऱ्या देशात सुमारे १८,००० बेघर मोजले गेले होते. २०२३ साली ३,४२९. पुढे २०२४ साली सरकारने घरभाड्याच्या साहाय्याला कात्री लावली. त्याच वर्षाच्या मोजणीत आकडा निघाला ३,८०६. कित्येक वर्षे उतरत आलेला आकडा पहिल्यांदाच वर चढला होता.