घोड्याचा आहार

घोडा हा चरून जगणारा प्राणी आहे. मोकळ्या रानात तो दिवसाचे १४ ते १६ तास थोडे थोडे गवत खात असतो आणि त्याची पचनसंस्था याच सवयीला धरून घडली आहे. म्हणून त्याच्या आहारात चारा मुख्य आणि दाणा, म्हणजे चंदी, पूरक असते. हरभऱ्यानेच घोड्याला बळ येते असा समज आपल्याकडे पक्का आहे. पण विशेष काम नसलेल्या प्रौढ घोड्याला चांगला चारा, स्वच्छ पाणी, मीठ आणि खनिजे एवढे पुरते.

पचन : घोड्याचे जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचे असते. त्यात आम्ल अखंड पाझरते, पण ते सौम्य करणारी लाळ फक्त चावताना सुटते. १ किलो वाळलेले गवत चावून खायला घोड्याला सुमारे ४० मिनिटे लागतात. तेवढेच ओट तो १० मिनिटांत संपवतो. तासन्‌तास उपाशी ठेवून दोन वेळा भरपूर दाणा घातलेल्या घोड्यांत जठराचे व्रण जास्त आढळतात ते यामुळेच. घोडा रवंथ करीत नाही आणि त्याला ओकताही येत नाही. दाण्यातील पिष्ट लहान आतड्यात पचते, तर गवतातील तंतू पुढे अंधनाल व मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीव आंबवतात. त्यातून तयार होणारी मेदाम्ले ही घोड्याची मोठी ऊर्जा. एका वेळी फार दाणा दिला तर न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात उतरते, तिथे आम्लता वाढून उपयुक्त जंतू मरतात, आणि पोटशूळ किंवा खुरांच्या आतील पापुद्रे सुजण्याचा आजार (लॅमिनायटिस) उद्भवतो. पोटशूळाने घोडा काही तासांत दगावू शकतो.

प्रमाण : घोड्याला रोज वजनाच्या दीड ते अडीच टक्के शुष्क अन्न लागते. ३५० किलोच्या घोड्याला हे सरासरी ७ किलो, म्हणजे वाळलेले गवत सुमारे ८ किलो भरते. ओल्या चाऱ्यात पाणीच अधिक असल्याने तो याच्या चार-पाच पट लागतो. काटा नसेल तर छातीचा घेर (सें.मी.) त्यानेच गुणून, आलेल्या संख्येला खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे, वजनाचा कामापुरता अंदाज येतो. घेर १६० आणि लांबी १५५ असेल तर वजन सुमारे ३३४ किलो. फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवताच लागाव्यात, ही अंगकाठीची चांगली खूण.

चारा : हरळी, डोंगरी गवत, ओटचा चारा आणि लसूणघास हे चारे घोड्याला मानवतात. लसूणघासात प्रथिने व कॅल्शियम भरपूर, म्हणून ती इतर गवतात मिसळून द्यावी. वाळलेल्या कडब्यात पोषण बेताचेच असते. कोवळी हिरवी ज्वारी मात्र घोड्याला घालू नये : तिच्यातील सायनाइडजन्य विषाने मूत्राशय व मागचे पाय निकामी होऊ शकतात.

महाराष्ट्रात ज्या दोषाकडे फार कमी लक्ष जाते, तो कॅल्शियमच्या कमतरतेचा. गुरांसाठी लावलेले हत्तीगवत, भाताचा पेंढा आणि उसाचे वाढे हे स्वस्त चारे घोड्यापुढेही पडतात. यांत ऑक्झलेट असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते आणि घोड्याला ते मिळत नाही. जोडीला गव्हाचा कोंडा असतो, त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कैक पट. रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांतून ते ओढू लागते, हाडे ठिसूळ होतात, घोडा पाय बदलून लंगडतो आणि पुढे जबडा व नाकाची हाडे फुगतात. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट असावे, कमी तर कधीच नसावे. लसूणघास आणि खनिज मिश्रण वेळेवर दिले तर हा आजार बहुतांशी टाळता येतो.

चाऱ्याच्या साठ्याचे मोल मराठा लष्कराने ओळखले होते. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरण्याची, ती आधीच संपली तर घोडी मरतील अशी आणि गवताच्या गंजींना आगीपासून जपण्याची ताकीद आहे.

चंदी : कष्टाची घोडी, गाभण घोडीचे शेवटचे तीन महिने, दूध पाजणारी घोडी आणि वाढती शिंगरे यांना चाऱ्यावर चंदी लागते. दुभत्या घोडीची ऊर्जेची गरज एरवीच्या जवळजवळ दुप्पट होते. ओट हे सर्वांत सुरक्षित धान्य, कारण त्यात तंतू जास्त असतात. हरभरा भिजवून आणि हुलगा शिजवून देतात. कच्च्या हुलग्यातील घटक प्रथिनांचे पचन अडवतात. मोठ्या घोड्यालाही एका वेळी दोन किलोहून अधिक दाणा नको. तोबऱ्यात दोनदा भरण्यापेक्षा तीनदा थोडा थोडा भरावा. चंदी वा चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू.

पाणी, मीठ, दात : घोडा रोज २० ते ४५ लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात व कामाच्या दिवसांत आणखी. पाणी कमी पडले की आतड्यात चारा अडकतो. मीठ रोज सुमारे २५ ग्रॅम, घामाच्या कामाला जास्त. दात आयुष्यभर वर येत राहतात आणि त्यांच्या कडा धारदार होतात. वर्षातून एकदा पशुवैद्याकडून त्या कानसून घ्याव्यात, नाहीतर चांगला चाराही अर्धवट चावला जातो.

धोके : बुरशी लागलेला चारा घोड्यापुढे टाकू नये. कोंबड्यांचे किंवा गुरांचे तयार खाद्यही त्याला कधी देऊ नये. त्यात काही वेळा घातले जाणारे मोनेन्सिन घोड्याच्या हृदयाचे स्नायू नष्ट करते आणि थोड्या मात्रेतही प्राणघातक ठरते. घोडा वारंवार पोटाकडे पाहू लागला, लोळू लागला किंवा लीद थांबली तर पुढचा चारा-दाणा ताबडतोब काढून घ्यावा आणि पशुवैद्याला बोलवावे.