गुहेतले पाच डॉक्टर

निमित्त घरचं आहे, विषय मात्र आपला नेहमीचा, इतिहासाचा.

आमची नात अकोल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली आणि गेल्या वर्षी इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलात नोकरीला लागली. राहायला हॉस्पिटलचंच क्वार्टर. खोली तिची एकटीची, पण स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पाच जणींत मिळून एक. तिच्या पोळ्यांच्या तव्यावर कोणीतरी मासा भाजला. रात्रपाळी करून ही झोपायला येते, तर भिंतीपलीकडे गाणी सुरू. एका रात्री फोनवर रडत म्हणाली, "आबा, मी परत येते."

हिची आजी फोन हिसकावून विचारत होती, "काहून वं माय, जेवली काय तू?" आणि मी? मी पडलो मास्तर. मी सुनावलं, "अगं, डॉक्टर कोटणीस तर गुहेत राहिले होते!"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आबा, पाच डॉक्टर गेले होते ना? बाकीच्या चौघांचं काय झालं?"

तीस वर्षं शाळेत कोटणीसांचा धडा शिकवला, पण हा प्रश्न मला एकाही पोरानं विचारला नव्हता. आणि खरं सांगतो, मीही स्वतःला विचारला नव्हता.

१९३८ साली चीनवर जपानचं आक्रमण सुरू होतं. जनरल चू तेह यांनी नेहरूंकडे मदत मागितली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. वर्गणी जमली, पथक ठरलं आणि १ सप्टेंबर १९३८ ला 'राजपुताना' बोटीनं मुंबईहून निघालं. प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, अजून अठ्ठावीस पूर्ण व्हायचे होते. आणि पाचवे, वयानं सगळ्यांत मोठे, नागपूरचे डॉ. चोळकर. नागपूर म्हणजे तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी, म्हणजे आपल्याच प्रांताचा माणूस की! पण आमच्या वर्गात त्यांचं नाव कधी निघालं नाही.

कँटन, हँकौ, चुंगकिंग असं करत येनानला पोचायला फेब्रुवारी १९३९ उजाडला. चुंगकिंगला असतानाच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. ते परतले नाहीत.

येनान शहरावर जपानी बॉम्ब पडत होते, त्यामुळे दवाखाने आणि बिऱ्हाडं डोंगरातल्या गुहांत. गुहा म्हणजे आपल्या अजिंठ्यासारखा दगड नव्हे. तिकडची पिवळी माती अशी घट्ट, की टेकडीच्या पोटात कमानीची खोली कोरायची आणि तोंडाला कागद लावलेली लाकडी खिडकी बसवायची. थंडीत उबदार, उन्हाळ्यात गार. (आपल्या काळ्या मातीत कोरली तर पहिल्याच पावसात अंगावर येईल. पांढऱ्या मातीच्या गढ्या मात्र वऱ्हाडात अजून उभ्या आहेत.) झोपायला 'कांग', म्हणजे खालून धग दिलेला मातीचा ओटा, त्यावर सगळ्यांनी ओळीनं आडवं व्हायचं. खायला बहुतेक राळ्याची पेज. मुंबई-कलकत्त्याहून गेलेल्या माणसांना हे सोपं गेलं असेल का? बोलायला आपसांत इंग्रजी, बाहेर नव्यानं शिकायची चिनी. फक्त कोटणीस आणि चोळकर या दोघांनाच मराठीची सोय. रात्री दिवा विझल्यावर सोलापूरचा पोरगा आणि नागपूरचा वडीलधारा माणूस काय बोलत असतील, हे आता कुणाला विचारावं...

तर नातीच्या प्रश्नाचं उत्तर. चोळकर आणि मुखर्जी १९३९ सालीच परतले. एकाचं वय आड आलं, दुसऱ्याची प्रकृती. अटलही आजारपणामुळे १९४० मध्ये परतले. बसू १९४३ पर्यंत राहिले आणि पुढे भारतात त्यांनी चिनी सुयांच्या उपचाराचा पाया घातला. कोटणीसांनी १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाची सूत्रं हाती घेतली, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला ते तिकडेच गेले. वय बत्तीस, मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा. व्ही. शांतारामांनी १९४६ साली सिनेमा काढला तो त्यांच्यावर. परीक्षेत टीपही त्यांच्यावरच यायची, पाच गुणांची.

येताना एकानंही पळ काढला नव्हता. पण मी वर्गात चार जणांना वगळलं ते वगळलंच, वर तेच अर्धं उदाहरण रडणाऱ्या पोरीच्या तोंडावर मारलं. चुकलंच माझं.

दुसऱ्या दिवशी मीच फोन लावला आणि चौघांची हकीकत सांगितली. चोळकरांचं ऐकून म्हणाली, "आबा, माझ्या भिंतीपलीकडे मराठी बोलणारं कुणी असतं तर मीही दम काढला असता." मी म्हटलं, "ठीक आहे. यावंसं वाटलं तर ये."

नोकरीचा करार मार्चपर्यंत आहे, तेव्हा बघू म्हणते. सध्या भिंतीपलीकडची केरळची नर्स तिला आप्पे करून देते. मासाही तिनंच भाजला होता, असं कळलं!

इकडे तिच्या खोलीत आम्ही तुरीची पोती ठेवली होती. ती काल उचलून पडवीत आणून टाकली.