एडीएचडी, इर्जिक आणि शेजारी बसलेला माणूस

एडीएचडी हे नाव तसं अलीकडचं, १९८७चं. अशी मुलं मात्र जुनीच. १९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली. त्यांचा शब्द होता, नैतिक नियंत्रणातला दोष. आपल्याकडे एवढं लांबलचक नव्हतं. आळशी, नाहीतर वांड, विषय संपला.

आता धाराशिवकडे या. कोरडवाहू रान, वाफसा गेला की पेरणी गेली. ज्याचं काम मागं पडायचं, तो इर्जिक घालायचा. गावातली औतं एकाच दिवशी त्याच्या रानात, आणि सगळ्यांचं जेवण त्याच्याकडं. सावडीत तर आज तुझं, उद्या माझं. हे कुणी एडीएचडीसाठी काढलं नव्हतं. अडचण बैलांची आणि हातांची होती. पण ज्याला कामाची सुरुवातच जमत नाही, त्याला यात ठरलेला दिवस मिळायचा, शेजारी तेच काम करणारी माणसं मिळायची. आज एडीएचडीवाले यालाच 'बॉडी डबलिंग' म्हणतात. कुणीतरी नुसतं सोबत बसायचं. शिकवायचं नाही, ओरडायचं नाही.

ट्रॅक्टर आले, सावड विरळ झाली. आता स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका आहेत. घरी पुस्तक न उघडणारा पोरगा तिथं चार तास बसला की घरचे म्हणतात, 'बघा, मनात आणलं की जमतंय.' मला हे वाक्य खटकतं. मनात तर घरीही होतं.

निदान मात्र डॉक्टरांकडूनच करून घ्या. कुठं जायचं कळत नसेल तर टेली-मानसला १४४१६ वर फोन लावा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.